तिथी, तारीख आणि ‘टू द डे’

आमच्या धंद्यात माणूस एकदा मरून भागत नाही. पहिलं पुण्यस्मरण, दुसरं पुण्यस्मरण, पाचवं, दहावं, आणि मुलगे कर्तबगार निघाले तर पंचविसावंसुद्धा. बाहेरच्या माणसानं गोव्यातला मराठी पेपर उघडला की तो चरकतो. पानंच्या पानं फोटो. इथं एवढी माणसं मरतात तरी कशी, असं मला एका पुणेकर बाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, मरत नाहीत हो, तीच तीच पुन्हा येतात.

पेडण्याच्या बाजारात, पदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या दुकानाला लागून, एक मेज आणि दोन कदेली एवढ्या जागेत मी एका मराठी दैनिकाच्या छोट्या जाहिराती घेत असे. माहेर डिचोलीचं. तिथं मामाच्या हाताखाली हेच काम शिकले आणि लग्न होऊन पेडण्याला आले ती मेजासकट आले, असं सासूबाई म्हणायच्या. वाढदिवस, नाव बदलल्याच्या नोटिसा, हरवलेल्या मार्कशीटा, सगळं यायचं, पण खरा धंदा मेलेल्यांचा. लोक मला पेपरवाली वयनी म्हणत. आता काम सोडलंय. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, कोण गेलं? सवय, दुसरं काय.

स्मरणाच्या जाहिरातीला पाच गोष्टी लागतात. फोटो, नाव, दिवस, दोन ओळी कविता आणि खाली घरच्यांची नावं. फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला असतो, त्यामुळे मयताच्या खांद्यावर एखादा हात राहून जातो आणि तो कुणाचा यावर घरात आठ दिवस चर्चा चालते. कवितेचं काही खरं नसतं. खरी कसोटी नावांची. थोरल्याच्या आधी धाकटा लागला, जावई राहिला, भांडून गेलेल्या सुनेचं नाव घातलं किंवा घातलं नाही, की दुसऱ्या दिवशी माणूस पेपर घडी करून माझ्या मेजावर आपटायला हजर. आणि ह्या सगळ्याहून वर एक गोष्ट: सौ. की श्रीमती. जित्या नवऱ्याच्या बायकोला चुकून श्रीमती लागलं तर त्या घराची माफी मागायला देवळात नारळ ठेवावा लागतो. मी कुठचंही प्रूफ वाचताना आधी तेवढंच वाचायचे. मग बाकीचं.

त्याबाबतीत माझा स्वतःचा एक नियम होता. ज्या बाईच्या नावामागे पहिल्यांदा श्रीमती लागणार, तिच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय मी मजकूर पुढं पाठवत नसे. ऑफिसनं असं काही सांगितलं नव्हतं. माझे बाबा गेले तेव्हा काकांनी परस्पर जाहिरात दिली. आई तोवर रडली नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होती. सकाळी पेपरात आपल्या नावामागं श्रीमती बघितलं आणि तिथंच बसली. तो पेपर तिच्या हातातून काढून घ्यायला मला जमलं नाही, म्हणून हा नियम.

दिवसाचं प्रकरण आणखी वेगळं. आपल्याकडे माणूस दोन दिवशी मरतो, एकदा तिथीला आणि एकदा तारखेला. मरतो त्या वर्षी दोन्ही एकच असतात. मग चंद्र आपल्या चालीनं जातो, कॅलेंडर आपल्या, आणि पुढल्या वर्षी दोघांत दहा-अकरा दिवसांचं अंतर पडतं. मध्येच अधिक महिना घुसला की आणखी मजा. डिचोलीला असताना शिरगावचे दोन भाऊ यायचे. थोरला खाणीवर, धाकटा पणजीला बँकेत. त्यांचे वडील लईराईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गेलेले. थोरला दर वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची जाहिरात द्यायचा, मग जत्रा एप्रिलात पडो नाहीतर मेमध्ये. धाकटा तारीख सोडायचा नाही. एकाच म्हाताऱ्याचा तोच फोटो पंधरवड्यात दोनदा. एका वाचकानं मामाला फोन केला, “अरे, तो म्हातारो कितें दोनदां मेलो?” मी थोरल्याला म्हटलं, बाबा रे, दोघांनी बसून एक दिवस ठरवा. तो म्हणाला, “धाकट्याचो बापूस तारखेक मेलो, माजो तिथीक.” मी पुन्हा त्यात पडले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं ती गोष्ट. काही वर्षांपूर्वीची, हरमलची.

दिवाळी होऊन गेली होती आणि तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. आमच्याकडे त्याला व्हडली दिवाळी म्हणतात. मंगेश नावाचा एक चौतीस-पस्तिशीचा माणूस फोटो घेऊन आला. हरमलला घर, थोडी मासेमारी, किनाऱ्याकडे फॉरेनरांना द्यायच्या दोन खोल्या. फोटो मोठ्या भावाचा, दामूचा. दाढी वाढलेला, हसणारा. कोपऱ्यात माशाच्या शेपटीसारखं काहीतरी कापता कापता राहिलेलं.

“पयलें पुण्यस्मरण घालूचां आसा, वयनी. व्हडल्या दिवाळेक.”

“काय झालं होतं भावाला?”

“दर्यार गेलो.”

आमच्याकडे ‘दर्यावर गेला’ म्हणजे कामाला गेला. मी पुढचं ऐकायला थांबले. पुढचं आलं ते असं: गेल्या व्हडल्या दिवाळीच्या सकाळी दामू एकटाच होडी घेऊन जाळं काढायला गेला. संध्याकाळी तुळशीचं लग्न, म्हणून लवकर येतो म्हणाला. आला नाही. काही दिवसांनी होडी तेरेखोलच्या अंगाला मिळाली, जाळं आत, माणूस नाही. मंगेश त्या किनाऱ्यानं रेडीपर्यंत चालत गेला होता, खडक न् खडक बघत. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पदेराच्या दुकानाकडे बघत होता.

मी मजकूर वाचला. खालच्या नावांत पहिलंच नाव: श्रीमती शेवंती दामोदर, पत्नी.

“शेवंतीला विचारलंस?”

“तिका कित्याक विचारूक जाय? सगळ्यांक म्हायत आसा.”

“सगळ्यांना माहीत आहे तर तिलाही असेल. तिला पाठव. तिनं सांगितलं की मी घालते.”

तो भडकलाच. “वयनी, तू पेपरवाली काय भटीण?” मग जरा निवून त्यानं खरं कारण सांगितलं. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी लाटंबार्से गावची, काजूची बाग असलेलं बरं घर. एवढ्या उशिरा जमलेली सोयरीक. पण मुलीकडचे म्हणत होते, तुमचं घर ना धड सुतकातलं, ना धड सणातलं. थोरला गेला म्हणता, तर त्याचं वर्ष करा आणि मोकळे व्हा. नाही म्हणता, तर तसं सांगा. अशा मधल्या मधे लोंबकळणाऱ्या घरात आम्ही पोर देणार नाही. भटजींनी बेपत्त्या माणसाला बारा वर्षं थांबा म्हणून हात झटकले होते. तेव्हा मंगेशनं विचार केला, तुळशीचं लग्न झालं की लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. त्याच दिवशी पेपरात पुण्यस्मरण आलं की प्रश्न मिटला. आमच्या भागात पेपरात आलं म्हणजे झालं. हे मीच वर्षानुवर्षं लोकांना शिकवलं होतं, त्यामुळे त्याला काय बोलणार?

“मी ताचो भाव,” तो उठता उठता म्हणाला. “माका वायट दिसणा नाय असां समजू नकां.”

ते मला दिसत होतंच. पण नियम म्हणजे नियम.

दोनच दिवसांनी ग्रॅहम आला. उंच, पांढऱ्या केसांचा इंग्रज, हातात हेल्मेट. गाववाले त्याला गिरामबाब म्हणत. दर हिवाळ्यात तो हरमलला चार महिने एकाच घरात राहायचा. त्याला मराठी पेपरात चार ओळी द्यायच्या होत्या, कारण ज्यांनी वाचायला हव्यात ती माणसं इंग्रजी पेपर वाचत नाहीत. त्यानं फोनवर फोटो दाखवला आणि मी तो फोन हातात घेऊन जवळ धरला. तोच हसणारा दामू, पण अख्खा. दोन्ही हातांत भलामोठा विसवण धरलेला. मंगेशच्या फोटोतल्या कोपऱ्यातली ती शेपूट ह्या माशाची. फोटो मुळात गिरामबाबनंच काढला होता, कारण तो दर हिवाळ्यात राहायचा ती खोली दामू-मंगेशच्याच घरची.

त्याचा मजकूर इंग्रजीत होता. पहिलं वाक्य: वन इयर अगो, टू द डे, दामू वेन्ट आउट टू सी.

आता माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही जुन्या मॅट्रिकचं. इयर कळलं, सी कळलं. टू द डे कळेना. फोनला विचारलं तर फोन म्हणाला, “एक वर्षापूर्वी, दिवसापर्यंत, दामू समुद्रात गेला.” दिवसापर्यंत? म्हणजे दिवस मावळला की परत आला की काय? असं काही मी छापलं असतं तर हरमलच्या बायकांनी मला खाडीत बुडवलं असतं. मी त्यालाच विचारलं. त्यानं सावकाश समजावलं. ‘अबाउट अ इयर’ म्हटलं तर साधारण वर्ष, चार दिवस मागं-पुढं चालतात. ‘अ इयर टू द डे’ म्हटलं की मोजून त्याच तारखेला. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. विमानाचं तिकीटही त्यानं म्हणून तसंच काढलं होतं, त्या तारखेला त्यांच्या दारापुढच्या बैठकीत, त्याच बाल्कांवात, बसायला मिळावं म्हणून. त्या सकाळी तो तिथंच बसला होता आणि होडी ढकलता ढकलता दामूनं त्याला हात केला होता.

मी म्हटलं, घरच्यांचा दिवस तुमच्या दहा-अकरा दिवस आधी येतो. ते व्हडली दिवाळी धरतात.

तो गोंधळला. “मग मी उशिरा आलो?”

“उशिरा नाही. तुम्ही सूर्य धरलात, ते चंद्र धरतात.”

“मग बरोबर कुठचा?”

“दोन्ही,” मी म्हटलं. गिऱ्हाइकाला हेच उत्तर द्यायचं असतं.

पण घोडं पुढंच अडलं. ‘टू द डे’ मराठीत कसं आणायचं? सरळ वाटतं, लिहून टाका, ‘आज बरोबर वर्ष झालं.’ लिहिलं, आणि लगेच खोडलं. कारण आमच्या कानाला ‘दामूचं वर्ष झालं’ म्हणजे दामूचं वर्षश्राद्ध झालं. ‘वर्ष भरलं’ म्हणा, तेच. ‘वर्सुकी’ म्हणा, आणखी वाईट. आपल्या भाषेत माणसाच्या नावापुढं वर्ष ठेवलं की तो मेलाच. इंग्रजाला ती अडचण नाही. त्याचं टू द डे लग्नाला चालतं, नोकरीला चालतं, दर्यावर गेलेल्यालाही चालतं. त्यात कोण जगलं, कोण मेलं ह्याचा पत्ता नाही, नुसतं दिवसाला दिवस जुळवणं आहे. मला त्या दोन शब्दांचा हेवा वाटला. अर्धी दुपार डोकं खाजवून शेवटी लिहिलं: ‘गेल्या वर्षी ह्याच तारखेला दामू दर्यावर गेला.’ साधं वाक्य, पण माझ्या सगळ्या नोकरीत एवढा वेळ मी कुठच्या वाक्याला दिला नसेल. पुढल्या ओळीत त्यानं लिहिलं होतं की दामूनं त्याला होडीची गाठ मारायला शिकवली आणि ती अजून त्याला येत नाही. ते फोननं बरोबर केलं.

त्याच आठवड्यात शेवंती आली. स्कूटर पदेराच्या दारात लावली, पदर खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. कदेलीवर बसली नाही, उभीच राहिली.

“वयनी, मंगेश म्हणता तुमी माका बोलयलात.”

मी मंगेशचा मजकूर वाचून दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, “माज्या नावाआदीं काय म्हणालात?”

“श्रीमती.”

“आणि आतां काय आसा?”

“सौ.”

“म्हणजे पेपरात इलां की माजां कुंकू गेलां.”

मी मजकूर मेजावर ठेवला. तिनं विचारलं, “दीस खंयचो घातलो मंगेशान?”

“व्हडली दिवाळी.”

“तो गेलो तो दीस वयनी. मेलो तो खंयचो?” आवाज चढला नव्हता, भाव विचारावा तसं विचारत होती. “पोवणारो माणूस तो. एक दीस पोवलो आसतलो, दोन दीस पोवलो आसतलो. खंयच्या खडपार चढून बसलो आसतलो. मी खंयच्या दिसाचां कुंकू पुसू? एक दीस जरी आदीं पुसलंय, तर जित्या घोवाचां पुसलां असां जातला.”

मी उठून तांब्यातलं पाणी प्याले, तिलाही दिलं. इतकी वर्षं लोकांना दिवस विचारत आले, हा हिशेब माझ्यापुढं कुणी ठेवला नव्हता. बाजूला पदेर उंडे मोजत होता, तोही थांबला.

मग तिनं विचारलं, “गिरामबाबान काय लिवलां?” मी वाचलं. टू द डे समजावून सांगितलं, त्याची तारीख वेगळी येते तेही सांगितलं. तिला ते पटलं. “गोऱ्यान बरोब्बर लिवलां. गेलो म्हणान लिवलां. ताचो दीस ताका ऱ्हांव. माजो माका. दोनूय गेल्याचेच मां?”

शेवटी तिनं तिची जाहिरात तोंडी सांगितली आणि मी लिहून घेतली. वर ‘पुण्यस्मरण’ नाही, कविता नाही. फोटो माशासकट. ‘गेल्या व्हडल्या दिवाळीच्या सकाळी दामोदर दर्यावर गेले. अजून आलेले नाहीत.’ खाली: सौ. शेवंती दामोदर, मंगेश आणि सर्व कुटुंब.

ऑफिसातून पान लावणाऱ्याचा फोन आला. “वयनी, ही खंय घालू? पुण्यस्मरणात काय ‘हरवले आहेत’मध्ये?” मी म्हटलं, दोन्हीत नको. त्यानं बिचाऱ्यानं वाढदिवसांच्या शेजारी जागा होती तिथं बसवली. त्यामुळे व्हडल्या दिवाळीला हरमलचा दामू एका वर्षाच्या गुटगुटीत पोराच्या शेजारी मासा धरून हसत होता.

मंगेश येऊन मला काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. लग्न मोडणार, तुझ्या एका अक्षरापायी मोडणार, हा त्याचा सूर. मला वाईट वाटलं, कारण खरंच मोडलं असतं. पण चार-पाच दिवसांनी तोच पुन्हा दारात उभा, हातात लग्नाची पत्रिका आणि तोंडावर कुठं ठेवू असं हसू. झालं होतं असं की लाटंबार्सेला मुलीचा आजोबा भिंगाखाली पेपर धरून वाचतो. त्यानं ती जाहिरात वाचली आणि घरच्यांना बोलावून सांगितलं, “हांगा सौ. म्हणलां. सौ. म्हणजे घोव जितो. घोव जितो म्हणजे सुतक नाय. मगे लग्न कित्याक अडलां?” म्हाताऱ्यापुढं कोण बोलणार? पेपरात आलं म्हणजे झालं, हे लाटंबार्सेलाही लागू होतंच.

लग्नाला मी गेले. जेवण झकास होतं. पण हळदीच्या वेळी जे बघितलं ते विसरता आलं नाही. सवाष्णींना एकेकीला नावानं हाक मारून पुढं बोलावत होते. शेवंतीला कुणी हाक मारली नाही. कुणी तिला ‘मागं हो’ असंही म्हटलं नाही. ती दारात आंब्याच्या पानांचं ताट घेऊन उभी होती, जणू ताट धरणं हेच तिचं काम आहे. पेपरानं सौ. म्हटलं तरी मांडवानं म्हटलं नाही. मला आतून लाज वाटली. मी तिला एक शब्द मिळवून दिला खरा, पण दिवसरात्र त्या शब्दात राहायचं होतं तिला. मंगेशचा मजकूर गुपचूप छापला असता तर एव्हाना रडून मोकळी झाली असती, असंही त्या दिवशी मनात आलं. अजून कधी कधी येतं.

पुढं दर वर्षी दोन जाहिराती. व्हडल्या दिवाळीला शेवंतीची, मग गिरामबाबची तारखेला. तो दर वेळी टू द डे लिहायचा आणि मी दर वेळी ‘ह्याच तारखेला’ लिहायचे. शेवंतीच्या मजकुरात शेवटचं वाक्य तेच, अजून आलेले नाहीत. बाजारातले टवाळ मला विचारायचे, “काय वयनी, दामू इलो काय?” मी म्हणायचे, आला की तुमच्या आधी माझ्याकडे येईल, जाहिरात बंद करायला. हसायचे आणि जायचे. मंगेशला मुलगी झाली, तिच्या बारशाची जाहिरातसुद्धा मीच घेतली.

मग लोक फोनवरूनच परस्पर जाहिराती पाठवायला लागले, माझ्या मेजावर धूळ बसू लागली, आणि मी काम सोडायचं ठरवलं. शेवटचा महिना होता. गणपती अजून यायचे होते. एका दुपारी शेवंती आली. व्हडली दिवाळी लांब होती, म्हणून मला वाटलं, बाजाराला आली असेल. पण ती येऊन कदेलीवर बसली.

“वयनी, एक घालूचां आसा.”

“आत्तापासून? अजून वेळ आहे गे.”

“तां न्हय. निधन.”

मी चष्मा काढला. “मिळाला?”

“नाय.” ती मेजाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “वयनी, रोज सकाळी मी दोगांची चाय ठेवतंय. ताची गाळून झाकून ठेवतंय. थंड जाली की माडाच्या आळ्यात ओततंय. कोणाक सांगूक नाय. आज एकाचीच ठेवलंय. एकच कप पाणी घातलंय. पिऊन कप धुतलंय, मगे ध्यानात इलां.”

“विसरली असशील. होतं असं.”

“विसरूक जालां, म्हणानच सांगतंय.” तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. “दर्यार तो कदीं मेलो तां दर्याक म्हायत. माज्या घरात तो आज मेलो.”

मी लिहायला घेतलं. निधनाच्या जाहिरातीला डॉक्टरचा नाहीतर पंचायतीचा कागद लागतो, तो नव्हता. ऑफिसला फोन करून सांगितलं, घर माझ्या ओळखीचं आहे, जबाबदारी माझी. नाव लिहिलं, गाव लिहिलं. दिवस तिला विचारला नाही, ती आली त्याच दिवसाची तारीख घातली. फोटो कुठचा, तर तोच, माशासकट. मग खालची नावं आली आणि तिच्या नावाशी माझं पेन थांबलं.

“लिवा वयनी,” ती म्हणाली. “श्रीमती लिवा.”

मी लिहिलं. तिनं वाकून ते अक्षर बघितलं.

“ह्यां कदीं येतला पेपरात?”

“उद्या सकाळी.”

“म्हणजे आज रातीपर्यंत मी सौ. आसंय.”

मी मान हलवली. ती उठली. समोर फुलकान्नीकडून अबोलीची एक फाती घेतली, स्कूटरच्या आरशात बघून नीट केसांत माळली आणि हरमलच्या वाटेला लागली.